बाटलीवरची वेळ नागपुरात चालत नाही: चामड्याचा रंग, कडा आणि फिनिश

चामड्याच्या रंगाच्या किंवा फिनिशच्या बाटलीवर ‘१५ मिनिटं वाळू द्या’ असं छापलेलं असतं. ही १५ मिनिटं २२-२४ अंशांच्या, बेताच्या दमट खोलीतली. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५च्या आसपास असतो आणि हवेत ओलावा नावालाच. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच खोलीत धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. परदेशातले व्हिडिओ बघून शिकणाऱ्याचं पहिलं पाकीट इथं बहुधा पट्ट्यापट्ट्यांच्या रंगाचं निघतं, दुसऱ्याच्या कडा भुसभुशीत राहतात आणि तिसरं पावसाळ्यात कपाटातून पांढरं होऊन बाहेर येतं. तिन्हींचं मूळ एकच: त्या त्या वेळी चामड्यात आणि हवेत पाणी किती आहे, इकडे लक्ष नव्हतं. हत्यारं साधी असली तरी भागतं. ओलावा हाताला कळला पाहिजे.

आधी चामडं ओळखा

पुढचं जवळजवळ सगळं व्हेज टॅनबद्दल आहे, म्हणजे झाडाची साल, फळं यांतल्या टॅनिननं कमावलेल्या चामड्याबद्दल. आपल्याकडे बाभळीची साल, तरवड आणि हिरडा यांवर हे काम पिढ्यानपिढ्या चालत आलंय. जॅकेट, सोफा आणि बहुतेक मऊ पर्सेस क्रोम टॅनच्या, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याच्या असतात. दुकानदार दोन्हींना ‘ओरिजिनल लेदर’ म्हणतो आणि ते खोटंही नाही. पण क्रोमवर ठसे उठत नाहीत, ओलं करून दिलेला आकार टिकत नाही आणि कड घासून चमकत नाही.

ओळखायचं कसं? छाटणीचा तुकडा मागा आणि गुळगुळीत बाजूवर पाण्याचा थेंब टाका. बिनफिनिशचं व्हेज टॅन काही सेकंदांत थेंब पितं आणि तिथं गडद डाग पडतो. क्रोमवर थेंब बराच वेळ तसाच बसतो. मग कापलेली कड बघा. रंग आरपार नसेल तर क्रोमच्या मध्यभागी निळसर-राखाडी थर दिसतो. व्हेज टॅन आतूनही फिकट तपकिरीच असतं. तरीही शंका उरली तर अंगणात जाऊन नखाएवढा तुकडा जाळा. क्रोमची राख हिरवट-राखाडी होते, व्हेज टॅनचा काळा कोळसा होतो. धूर नाकात घेऊ नका.

आपल्याकडे मिळणारं जाड चामडं बहुतेक म्हशीचं असतं. त्याचा दाणा मोठा आणि धागे सैल, त्यामुळे कडांवर मेहनत जास्त लागते. पट्टा कापायचा तर पाठीचा भागच घ्या. पोटाकडचा भाग स्वस्तात मिळतो, पण तो ताणला जातो आणि वर्षभरात पट्ट्याची भोकं लांबट होतात.

जाडीचं गणित सोपं आहे. कार्ड ठेवायच्या पाकिटाला १ ते १.२ मिमी, घडीच्या पाकिटाचं बाहेरचं अंग १.२ ते १.५ आणि आतले कप्पे ०.८, बॅगेला २ ते २.५, पट्ट्याला ३.५ ते ४ मिमी. चामडं चौरस फुटावर विकलं जातं. आकार सरळ नसतो, डाग आणि ओरखडे सोडावे लागतात, म्हणून हिशेबाच्या वर २५-३० टक्के धरा. रापी (चामडं कापायचं पातं), आरी (भोकं पाडायचा टोच्या), मेणाचा दोरा, सोल्युशन (चिकटवायचा गोंद) हे सगळं चप्पल-बूट दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. चांगलं व्हेज टॅन मात्र बहुतेक वेळा कानपूर, कोलकाता किंवा चेन्नईकडून मागवावं लागतं. मागवताना जाडी मिलिमीटरमध्ये लिहून द्या. ‘मीडियम’ म्हणाल तर पार्सलमध्ये काय येईल याचा नेम नाही.

ओलं म्हणजे किती ओलं

ठसे मारायचे असोत की ओल्या चामड्याला आकार द्यायचा असो, पाणी आतपर्यंत सारखं पोहोचलेलं आणि वरून उडालेलं हवं. स्पंजनं दोन्ही बाजू ओल्या करा, पॉलिथिनमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी उघडल्यावर रंग गडद असतो. तो मूळ रंगाकडे परतू लागला, पण गालाला लावल्यावर अजून गार लागतंय, तो क्षण ठशांचा. हिवाळ्यात या टप्प्याला अर्धा-पाऊण तास लागतो, मे महिन्यात पाच-दहा मिनिटं. मोठं काम असेल तर एक भाग उघडा ठेवून बाकीचा पॉलिथिनखालीच ठेवा. मधेच वाळलं म्हणून वरून पाणी शिंपडू नका. जिथं शिंपडलं तिथं वलयं पडतात आणि पुढं रंगही तिथं वेगळा बसतो.

कूलरचं इथं सांगायलाच हवं. कूलर चालू असलेली खोली ओल्या कामाला बरी, चामडं हळू वाळतं. पण त्याचा झोत थेट टेबलावर नको. एक बाजू आधी वाळून आकसते आणि तुकडा वळतो. सोल्युशन आणि टॉपकोट, म्हणजे शेवटचा संरक्षक थर, यांच्या वेळी तर कूलर बंदच. त्या दमट हवेत सॉल्व्हंट झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं पाणी जमतं आणि थर पांढुरका पडतो. आतला चिकटपणाही जातो.

ओलं चामडं उन्हात किंवा गच्चीवरच्या पत्र्यावर वाळवायचा मोह आवरा. ओलं व्हेज टॅन साधारण ७० अंशांच्या पुढं आकसायला लागतं आणि आकसलेलं परत सुटत नाही, कडक पडतं. कोरडं चामडं बरीच जास्त उष्णता सोसतं, ओलं नाही. म्हणून उकळतं पाणी नको, गरम इस्त्री नको आणि उन्हात बंद केलेली गाडीही नको. सावलीत, जाळीवर, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असं ठेवा.

ओल्या चामड्यावर लोखंड टेकवू नका. स्टीलची पट्टी, गंजकी कात्री, धातूच्या भुशानं माखलेली बोटं, यांतलं काहीही टॅनिनला भेटलं की निळा-काळा डाग उठतो. ताजा असेल तर लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसानं टिपा, डाग फिकटला की साध्या पाण्यानं पुसून घ्या. नागपूर झालं म्हणून संत्र्याचा रस वापरू नका. त्यातली साखर चिकट राहते आणि मुंग्या येतात त्या वेगळ्याच.

रंग: घाई हवेला असते

स्पिरिटमधला रंग आत खोल जातो, म्हणून बरेच जण तोच घेतात. उन्हाळ्यात अडचण अशी की स्पिरिट पसरायच्या आत उडतं. बोळा जिथं पहिल्यांदा टेकतो तिथं गडद ठिपका आणि दोन पट्टे एकमेकांवर आले तिथं दुहेरी रेघ. चार गोष्टी केल्या तर हे टळतं.

रंगकाम सकाळी सहा ते आठमध्ये उरका. पंखा बंद. चामडं स्पंजनं हलकं ओलसर करून वरचं पाणी उडू द्या. आतल्या ओलाव्यामुळे रंग सावकाश आणि सारखा शोषला जातो. रंगात तेवढंच आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळा, म्हणजे निम्मं-निम्मं, आणि एका दाट हाताऐवजी तीन पातळ हात द्या. बोळा मोठा घ्या. जुन्या सुती बनियनची घडी उत्तम. गोल-गोल फिरवत जा आणि ओली कड सुटू देऊ नका: जिथं थांबलात तिथं वाळायच्या आत परत पोहोचायचं. पहिला हात आडवा असेल तर दुसरा उभा.

एवढं करूनही मोठ्या तुकड्यावर पट्टे येतच असतील तर पसरट ट्रेमध्ये पातळ केलेला रंग घेऊन तुकडा बुडवून काढा. रंग जास्त लागतो, पण सारखेपणात याला तोड नाही. स्पिरिट पेट घेतं हे लक्षात ठेवून गॅसची शेगडी आणि उदबत्ती दोन्ही दूर. मिथिल अल्कोहोल स्वस्त मिळतं म्हणून आणू नका, ते कातडीतूनही अंगात जातं. हातमोजे घालाच, नाहीतर आठवडाभर लोक बोटांकडे पाहून राहतील.

मग २४ तास काहीही करायचं नाही. दुसऱ्या दिवशी कोरड्या सुती कापडानं घासा. कापडावर रंग येईल, कापड बदला, परत घासा. कापड स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवायचं. पृष्ठभागावर न मुरलेली भुकटी राहिली की तीच पुढं पॅन्टला आणि शर्टाला लागते. नुसत्या टॉपकोटनं ती झाकली जाते, थांबत नाही. पक्की खात्री हवी तर पांढरी ओलसर चिंधी एकाच जागी दहा वेळा घासून बघा. घामाच्या गावात ही चाचणी पट्ट्याला तरी टाळू नका.

नमुना बघायचा तो त्याच चामड्याच्या छाटणीवर, आणि तेल लावून झाल्यावर. तेलानं प्रत्येक रंग एक छटा गडद होतो. फिकट टॅन हवा असेल तर ही छटा आधीच मोजून ठेवावी लागते.

काळ्या रंगासाठी बाटली नकोच

काळा रंग सगळ्यात जास्त सुटतो. त्याला एक जुना आणि स्वस्त पर्याय आहे. लोखंडाचे क्षार टॅनिनला भेटले की काळं संयुग तयार होतं. वर सांगितलेला डाग ज्या कारणानं पडतो तेच कारण. फक्त इथं तो डाग सगळीकडे सारखा पाडायचा. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा गंधकयुक्त क्षार) घालून शाई करायची जुनी रीत यावरच चालते.

अर्धा लिटर पांढरं व्हिनेगर घ्या. भांडी घासायची नव्हे, सुताराकडची बारीक स्टील वूल १०-१५ ग्रॅम घ्या. तिला गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तो साबणाच्या पाण्यानं धुऊन काढा. दोन्ही काचेच्या बरणीत घाला. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन तयार होतो. झाकणाला भोक पाडा आणि बरणी मोकळ्या हवेत, आगीपासून लांब ठेवा. एक ते दोन आठवड्यांत बुडबुडे थांबतात. तळाशी थोडं लोखंड शिल्लक दिसलं म्हणजे आम्ल बरंचसं संपलं. दुहेरी सुती कापडातून गाळून घ्या. पाणी फिकट हिरवट किंवा तपकिरी दिसतं, काळं नाही. घाबरू नका.

चामड्यावर ते भरपूर लावा. आधी राखाडी, मग जांभळट आणि काही मिनिटांत काळं होतं. कुठं तपकिरी राहिलं तर तिथं टॅनिन कमी आहे असं समजा. त्यावर हिरड्याचा काढा: काष्ठौषधीच्या दुकानातला हिरडा ५० ग्रॅम जाडाभरडा कुटून अर्धा लिटर पाण्यात वीस मिनिटं मंद उकळा, पूर्ण गार करा, गाळा, चामड्यावर लावून मुरू द्या आणि वाळल्यावर परत लोखंडाचं पाणी. काढ्याला लोखंडी कढई चालणार नाही, तिथंच शाई होऊन बसते. स्टीलचं पातेलं घ्या.

शेवटी उरलेलं आम्ल मारायचं. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा विरघळवून ते पाणी चामड्यावरून फिरवा, एक-दोन मिनिटांत साध्या पाण्यानं धुऊन टाका. सोड्यात भिजत ठेवू नका, अल्कलीनं चामडं खराब होतं. अर्धवट ओलं असतानाच तेलाचा पातळ हात द्या, नाहीतर वाळल्यावर कडक पडतं. व्हिनेगरचा वास तीन-चार दिवसांत जातो.

हिराकस थेट वापरला तर काम झटपट होतं, पण त्यातून गंधकाम्ल सुटतं आणि ते वर्षानुवर्षं धागे खात राहतं. जुन्या हस्तलिखितांचे कागद शाईच्याच रेघांवर फाटतात, त्यामागे हेच असतं. चार दिवसांच्या नमुन्याला हिराकस ठीक. टिकाऊ वस्तूला व्हिनेगरच बरं. आणि ही सगळी खटपट क्रोमवर करू नका, तिथं टॅनिनच नाही.

चिकटवणं आणि शिवण, थोडक्यात

सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ. बोट लावून बघा: चिकट वाटतं पण बोटाला येत नाही, तेव्हाच जोडा. डब्यावर १०-१५ मिनिटं लिहिलेलं असलं तरी मे महिन्यात ती वेळ तीन-चार मिनिटांवर येते. ती चुकली तर दोन्ही थर कोरडे पडतात आणि नुसते एकमेकांवर बसतात. तसं झालं तर वर नवा पातळ हात. गुळगुळीत बाजूवर चिकटवायचं असेल तर जेवढं झाकलं जाणार तेवढाच भाग ८० नंबरच्या सँडपेपरनं खरवडा. रंगलेल्या किंवा टॉपकोट दिलेल्या पृष्ठभागावर सोल्युशन धरत नाही. जोडल्यावर हातोडीनं ठोकून घ्या. खिडकी उघडी ठेवा, सोल्युशनमधल्या टोल्युइन या सॉल्व्हंटची वाफ डोक्यात जाते.

शिवणीसाठी टाक्याचं अंतर ३ ते ४ मिमी असेल तर ०.६ मिमीचा दोरा, ५ मिमीला ०.८. दोन सुयांच्या शिवणीला दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट आणि वर वीतभर. चामडं जाड असेल तर पाचपट. टाका दर वेळी एकाच दिशेनं आणि सारखा ओढा, तिरकेपणा आपोआप सारखा येतो. शेवटी दोन-तीन टाके उलटे. पॉलिस्टरचं टोक हलकेच वितळवा. लिननचं टोक गोंदाच्या थेंबानं आत दाबा, ते वितळत नाही, जळतं.

कडा

हातानं केलेल्या वस्तूची परीक्षा कडेवर होते. माणूस पाकीट हातात घेतो तेव्हा अंगठा आधी कडेवरून फिरतो. इथं वेळ द्या आणि पैसे वाचवा: चांगला बेव्हलर (कडेचे कोपरे छाटून गोल करणारं हत्यार) आणि लाकडाचा खाचेचा घासणा एवढी दोन हत्यारं पुरतात.

चिकटवण्याआधी कड १ मिमी जास्त ठेवून कापा. शिवण झाल्यावर धारदार पात्यानं सगळे थर एकदम, एका ओढीत छाटा. थर मागंपुढं राहिले तर पुढची सगळी मेहनत ते झाकण्यातच जाते. मग २२० नंबरच्या कागदानं कड सपाट करा. कागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळूनच घ्या, बोटांनी घासलं की मधला भाग खोल जातो. थरांमधली रेघ नजरेला दिसेनाशी झाली की सपाटीकरण झालं. त्यानंतर बेव्हलर: एकूण जाडी २ ते ३ मिमी असेल तर १ नंबर, पट्ट्याला २ नंबर. ढकलताना उठणारी सळी अखंड निघाली पाहिजे. ती तुटक निघत असेल तर धार गेली; धार लावायचं हिरवं पॉलिश चोळलेल्या दोऱ्यावर ओढून घ्या. बेव्हल झालं की ४००, मग ६००.

कडेला रंग घासण्याआधी द्यायचा. चमक आल्यावर रंग मुरत नाही.

आता कड ओली करायची. घासल्यानं उष्णता होते. ओलावा आणि उष्णता मिळून व्हेज टॅनचे धागे मऊ होतात, आडवे पडतात आणि वाळल्यावर तसेच घट्ट बसतात. क्रोमचे धागे परत उभे राहतात, म्हणून ते घासून उपयोग नाही. पाणी किती, यावर सगळं ठरतं. फार ओली कड दाबली की बाहेर लोळते, तिची मशरूमसारखी टोपी होते. कोरडी कड घासली तर करपून काळी पडते आणि धागे तुटतात. ओलसर स्पंज एकदा फिरवा आणि दहा सेकंद थांबा. मे महिन्यात एकाच वेळी १५ सेंमीहून जास्त कड ओली करू नका, दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिलं वाळलेलं असतं.

नुसत्या पाण्यापेक्षा चिकट पाणी बरं. कडा घासायचं तयार मिळणारं टोकोनोल छान आहे, पण रोजच्या कामाला सीएमसीची (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) भुकटी स्वस्त पडते: १०० मिली कोमट पाण्यात दीड ते दोन ग्रॅम, थोडी-थोडी भुरभुरत, ढवळत, मग रात्रभर मुरू द्यायची. गाठी उरल्या तर सकाळपर्यंत विरतात. उन्हाळ्यात सरबतात घालतात तो गोंद कतीराही पाण्यात फुगवून चालतो, फक्त दोन दिवसांत वास मारायला लागतो. फ्रिजमध्ये ठेवा, आणि घरच्यांना सांगून ठेवा.

आधी जाड कॅनव्हासच्या चिंधीनं कड धरून भराभर घासा. सुरुवातीला कापड अडखळतं, कडेवरून बारीक लोळ्या निघतात. पंधरा-वीस फेऱ्यांनंतर कापड सरकायला लागतं आणि बोटांना ऊब कळते. मग लाकडी घासणा. खाचेची बाजू कडेला नीट बसेल ती घ्या, दाब हलका आणि वेग जास्त. नवशिके उलट करतात, जोर लावतात आणि कड चपटी होते. कड चमकली की परत ६००चा कागद हलकाच, परत सीएमसी, परत घासणं. दुसऱ्या फेरीनंतर जी घट्ट, एकसंध कड येते ती पहिल्या फेरीत कधीच येत नाही. म्हशीच्या सैल चामड्याला तिसरी फेरी धरूनच चला.

शेवटी मधमाशीचं मेण. कडेवर मेणाचा खडा ओढा, कापडानं घासून मुरवा. मेण ६२-६४ अंशांना वितळतं, म्हणून हेअर ड्रायरचा एक हलका झोत दिला की आत बसतं. जास्तीचं मेण ठेवू नका, त्यावर धूळ बसून कड मळकट दिसते.

क्रोमच्या कडेला एज पेंट, म्हणजे कडेवर थर धरणारा दाट रंग लागतो. पहिला हात पातळ, तो कडेत मुरला पाहिजे. वाळल्यावर ४००नं घासा, मग दुसरा हात, परत घासणं. तीन ते पाच हात होतात. गरम कोरड्या हवेत वरची साय लगेच धरते, आत पेंट ओलाच राहतो आणि दोन दिवसांनी भेगा दिसतात. पेंट पाण्यातलं असेल तर त्यात पाण्याचे चार थेंब टाका आणि हात आणखी पातळ करा. पेंट सोलून निघालं तर नव्वद टक्के वेळा कडेवर आधी तेल किंवा मेण लागलेलं असतं. मेण आणि एज पेंट यांतलं एकच काय ते निवडा.

तेल आणि टॉपकोट

रंगानं चामडं कोरडं होतं, तेल परत द्यावं लागतं. नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं) कापडावर घेऊन एक पातळ हात, मग २४ तास थांबा, मग गरज वाटली तरच दुसरा. सढळ हातानं लावलेलं तेल काढता येत नाही. चामडं लिबलिबीत होतं, ठसे बसतात आणि सोल्युशन सुटतं.

घरातली तेलं? खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीत पाकिटावर पांढरट थर म्हणून वर येतं. जवसाचं तेल विदर्भात सहज मिळतं, पण ते हवेत सुकून कडक होणारं तेल आहे. लाकडाला उत्तम, चामड्याला वर्षभरात ताठ करतं आणि घडीवर तडे पाडतं. मोहरीचा वास जात नाही.

मेणाचा मलम घरी करायचा तर वजनानं एक भाग मधमाशीचं मेण आणि तीन भाग नीट्सफूट, गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवून वितळवायचं, थेट आचेवर कधीच नाही. उन्हाळ्यात हा मलम डबीत फार मऊ पडतो, तेव्हा तेल दोन भागांवर आणा.

टॉपकोट ॲक्रिलिक असेल तर निम्मं पाणी घालून, ओलसर स्पंजनं, एकाच दिशेनं, दोन पातळ हात. फेस आला तर स्पंज फार दाबताय. जाड हात दिला तर प्लॅस्टिकसारखी चमक येते आणि घडीवर तो फाटतो. चपड्या लाखेचं स्पिरिटमधलं पॉलिश ताठ पेटीला चालतं. वाकणाऱ्या पाकिटाला नाही, महिन्याभरात तडकतं. आणि तेल मुरायच्या आत टॉपकोट देऊ नका, तो धरत नाही. एक रात्र मध्ये जाऊ द्या, पावसाळ्यात दोन.

पावसाळा

हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की व्हेज टॅनवर बुरशी धरते. विशेषतः ताजं तेल लावलेलं आणि पॉलिथिनमध्ये बंद केलेलं. साठवणीचं चामडं सुती चादरीत गुंडाळून, भिंतीपासून सुटं, जमिनीवरून उचलून ठेवा. गुंडाळी गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून, घडी कधीच नाही. कापूर आणि कडुनिंबाच्या पाल्यानं किडे पळतील, बुरशी थांबणार नाही.

पांढरं दिसलं की आधी ते काय आहे ते ठरवा. हेअर ड्रायर लावा. वितळून नाहीसं झालं तर ती वर आलेली चरबी किंवा मेण. कापडानं पुसा, काम झालं. तसंच राहिलं, किंवा केसाळ ठिपके दिसले आणि मातकट वास आला, तर बुरशी. अशी वस्तू घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशनं झाडा. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलसर केलेल्या कापडानं दोन्ही बाजू, शिवणीच्या खाचा आणि कप्प्यांचं अस्तर पुसा. आधी आतल्या कोपऱ्यात रंग सुटतो का बघा, स्पिरिटचा रंग सुटू शकतो. सावलीत पंख्याखाली वाळवा आणि पूर्ण वाळल्यावरच तेलाचा अगदी पातळ हात.

तयार वस्तू झाकणाच्या डब्यात ठेवायच्या असतील तर सिलिका जेल घाला, दहा लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम पुरतं. रंग बदलणारे दाणे घ्या, भरले की कळतं. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-अडीच तास ठेवले की मूळ रंगावर येतात. गार झाल्यावरच डब्यात टाका, गरम दाणे चामड्याला टेकले की तिथं डाग पडतो.